मौलवी इस्माईल मेरठी : वर्गातल्या मुलांचा शायर

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला ‘हमारी गाय’ ही नज्म विचारा, वय कितीही असो, दोन-चार ओळी तरी म्हणून दाखवेल. शायर कोण, असं विचारलं की मात्र बरेच जण अडखळतात. ही नज्म मौलवी मोहम्मद इस्माईल मेरठी यांची.

१२ नोव्हेंबर १८४४ रोजी मेरठमध्ये त्यांचा जन्म झाला. १० मे १८५७ रोजी याच शहराच्या छावणीत शिपायांनी उठाव केला. रमजानचा महिना होता, आणि इस्माईल तेव्हा बारा वर्षांचे होते. उठाव मोडला गेला, दिल्लीची बादशाही संपली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फारसी तालीमची किंमतही उतरली. सोळाव्या वर्षी त्यांनी शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकुनी धरली. पुढे ते सहारनपूरला आणि मेरठला फारसी शिकवू लागले. १८८८ मध्ये आग्र्याच्या सेंट्रल नॉर्मल स्कूलमध्ये गेले. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आजच्या भाषेत डीएड कॉलेज म्हणा. १८९९ मध्ये ते निवृत्त झाले.

त्या काळी मूल शिकायला बसलं की त्याच्या हातात ‘करीमा’, मग ‘गुलिस्ताँ’ यायची. ग्रंथ थोरच, पण भाषा फारसी आणि मूल घरी बोलणार उर्दू! पाठांतर व्हायचं, अर्थ नंतर कधीतरी कळायचा. उर्दू शायरीत तरी मुलांसाठी काय होतं? गुल, बुलबुल आणि आशिकाचा विरह. इस्माईल मेरठींनी उर्दूचा कायदा आणि त्यापुढे पहिली ते पाचवी अशी क्रमिक पुस्तकं तयार केली, आणि त्यांत मुलाच्या अंगणातली दुनिया आणली. गाय, कासव आणि ससा, उन्हाळ्याची तलखी, न थांबता फिरणारी पाणचक्की. ही पुस्तकं उत्तर हिंदुस्तानातल्या कितीतरी शाळांमध्ये लागली.

त्यांची पहिल्या पावसाच्या थेंबावरची नज्म बघा. ढगातला प्रत्येक थेंब विचार करतोय, मी एवढासा, माझ्यानं कुठलं शेत भिजणार? शेवटी एक जण हिंमत करून खाली झेपावतो, आणि मग बाकीचे त्याच्या मागं. वर्गात ही नज्म शिकवताना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हे सोपं वाटतं, पण पहिलीच्या मुलाला एकही शब्द अडणार नाही अशा दहा ओळी लिहून बघा! वीस-पंचवीस वर्षं मुलांसमोर उभं राहिल्याशिवाय असा हात येत नाही, असं मला वाटतं.

याच सोपेपणानं त्यांचं नुकसानही केलं. ‘बच्चों के शायर’ अशी चिठ्ठी एकदा चिकटली, मग बाकीचं कोण वाचतो? ते गझल, कसीदा, रुबाई सगळं लिहीत. आग्र्याच्या किल्ल्यावर त्यांची दीर्घ नज्म आहे. ‘तारों भरी रात’ आणि ‘चिड़िया के बच्चे’ या नज्मा त्यांनी काफिया सोडून लिहिल्या. उर्दूत यमकाशिवाय शायरी म्हणजे त्या जमान्यात धाडसच. आधुनिक उर्दू नज्मचा पाया घालणाऱ्यांत आझाद आणि हाली यांची नावं आदरानं घेतली जातात, तिथं मेरठींचं नाव हळू आवाजात येतं. हा इन्साफ नाही.

निवृत्तीनंतर ते मेरठला परतले. पेन्शन खात बसले नाहीत. अमीर खुसरोंच्या ‘किरानुस्सादैन’ या फारसी मसनवीवर काम केलं. आणि मुसलमान घरांतून मुलींना मदरशात पाठवायला लोक कचरत असताना, मेरठमध्ये मुलींसाठी मदरसा काढला. १ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांचा इंतकाल झाला. मेरठमध्ये आज त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, आणि तेही मुलींचंच.