विवेकाच्या कसोटीवर जगलेले आगरकर

जिवंतपणीच आपली प्रेतयात्रा निघालेली पाहण्याचा प्रसंग फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. गोपाळ गणेश आगरकरांवर तो पुण्यात आला. त्यांनी कोणाला फसवले नव्हते की कोणाचे धन लुबाडले नव्हते. एखादे कृत्य योग्य की अयोग्य, हे शास्त्रवचनावरून किंवा जुन्या चालीवरून ठरवू नये. त्यापासून माणसाला सुख होते की दुःख, हे बुद्धीने तपासून ठरवावे, एवढेच ते सांगत होते. एकोणिसाव्या शतकातील सनातनी पुण्याला हा अपराध अक्षम्य वाटला आणि विरोधकांनी त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी कमालीचे दारिद्र्य. कराड, रत्नागिरी, अकोला असा प्रवास करीत, मिळेल ते काम आणि मिळेल तो आश्रय स्वीकारीत त्यांनी शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचारांना दिशा दिली. सदाचरणाला परलोकाच्या भीतीचा आधार लागत नाही, ही त्यांची धारणा पुढे आयुष्यभर कायम राहिली. पदवीनंतर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकहितासाठी वेळ देणार असल्याचे त्यांनी आईला पत्राने आधीच कळवून टाकले होते. लेकाच्या पगाराकडे डोळे लावून बसलेल्या माउलीला ते वाचून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. दुसऱ्याच वर्षी सद्हेतूची कसोटी पाहणारा प्रसंग उद्भवला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या समजुतीने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. ज्या पत्रांच्या आधारे हे आरोप झाले, ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. महात्मा फुले यांच्याशी वैचारिक मतभेद असूनही या खटल्यात त्यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी जामीन भरला होता. हेतू शुद्ध असला तरी पुराव्याची जबाबदारी टळत नाही, हा धडा दोघांना डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांनी दिला. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

तुरुंगात रात्र रात्र वाद घालणाऱ्या या मित्रांची मने सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दुरावली. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद विकोपाला गेला. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी बाजूची धुरा गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळे-ओवळे, जातिभेद अशा प्रत्येक रूढीला आगरकर एकच प्रश्न विचारीत : यातून कोणाचे हित होते आणि कोणाला यातना भोगाव्या लागतात?

संमतिवयाच्या विधेयकाने या प्रश्नाला धार आली. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली. संमतीचे वय तेव्हा अवघे दहा वर्षे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. ही मर्यादा बारा वर्षांपर्यंत वाढवण्याचे विधेयक आले तेव्हा परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, अशी टिळकांची भूमिका होती. तीत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. आगरकरांचे म्हणणे असे, की लोकशिक्षण पुरे होईपर्यंत ज्या मुलींचे जीव जातील, त्यांचे काय? निष्पाप जिवाला होणाऱ्या यातना थांबत असतील, तर कायदा कोण करतो हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. मार्च १८९१ मध्ये कायदा संमत झाला.

दुसऱ्यांना लावलेली कसोटी त्यांनी स्वतःलाही लावली. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या पूजाअर्चेला आगरकरांनी आडकाठी केली नाही. विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार करायचा आणि घरात सक्ती करायची, ही विसंगती त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. परंतु दम्याने शरीर पोखरले होते. अध्यापन आणि लेखन अखेरपर्यंत सुरू ठेवून १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांनी देह ठेवला. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी लेखणीने झुंज दिली, त्या टिळकांनीच ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. मागे ना संपत्ती होती, ना अनुयायांचा पंथ.

बारा वर्षांच्या मर्यादेने धर्म बुडेल, असे तेव्हा अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. धर्म बुडाला नाही. असंख्य मुली मात्र वाचल्या.