कवी दत्त आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ

मूल एकच कविता दहा वेळा म्हणायला लावतं तेव्हा आपण कंटाळतो. कळव्याला गाडीतून उतरून घरी पोचेपर्यंत रात्र झालेली असते, त्यात पुन्हा तेच! अशा वेळी कवी दत्त आठवावेत.

दत्तात्रय कोंडो घाटे हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १८७५ चा, नगर जिल्ह्यातला. म्हणजे केशवसुतांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आयुष्य फारच थोडं मिळालं. १८९९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षात ते गेले. एवढ्या अवधीत लिहून लिहून किती लिहिणार? पण त्यातल्या दोन-तीन कविता मराठी घराघरांत पोचल्या.

त्यातली एक तुम्हाला नक्की माहीत असेल. एक मूल मास्तर झालंय आणि मोत्या कुत्र्याला अ आ ई शिकवतंय. मोत्याला शिकायचं नाही आणि मास्तरांना सोडायचं नाही, त्यामुळे तीच विनवणी परत परत. इथे पुनरुक्ती मुद्दाम सजावटीला आणलेली नाही बरं का, शिकवणं म्हणजेच तेच ते सांगणं. आपल्याइतकं हे कोणाला कळणार! वर्गात ज्या मुलाला सगळं कडवं पाठ होत नाही, तेही पालुपद आलं की आवाज मिसळतं. गाडीतल्या स्टेशनांच्या घोषणा मुलं हुबेहूब म्हणून दाखवतात, तेही कोणी न शिकवता. कारण एकच, पुढे काय येणार ते त्यांना आधी ठाऊक असतं.

दुसरी कविता म्हणजे त्यांची अंगाई. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी कविता. बाळाला झोप म्हणून सांगणारं पालुपद कडव्यामागून कडव्यात येतं, पाळण्याच्या दोरीसारखं. पण मधल्या ओळी नीट वाचा. झोपडं जीर्ण झालंय, घरात दारिद्र्य आहे. जोवर हे आहे तोवर तू झोप, मग पुढची काळजी देवाला, अशी वाक्यरचना पुन्हा येते. दर वेळी ‘जोवर’ मागची गोष्ट बदलते. आधी घर, मग सांगणाऱ्याचा स्वतःचा जीव. पालुपदाचे शब्द तेच राहतात, पण ऐकणाऱ्या मोठ्या माणसाच्या घशात आवंढा येतो. बाळाला मात्र फक्त ताल कळतो आणि ते झोपतं. एकाच ओळीतून दोघांना दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. वरच्या वर्गाला शिकवताना एवढं एक जरूर दाखवा : प्रत्येक कडव्यानंतर थांबा आणि विचारा, आता ‘झोप’ म्हणताना आवाज कसा असेल?

दत्त गेले तेव्हा त्यांचा मुलगा विठ्ठल चार वर्षांचा होता. अंगाईत जी भीती होती, ती त्या घरात खरी झाली. हाच मुलगा पुढे वि. द. घाटे म्हणून शिक्षक आणि लेखक झाला. १९५३ च्या अहमदाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये, त्यांनी वडिलांच्या विखुरलेल्या कविता गोळा करून ‘दत्तांची कविता’ हे पुस्तक काढलं. वडील जाऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.