शाहू महाराजांचं व्हिजन आणि एक रुपया

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर घरातले आधी हसले. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती!

सुरुवात झाली ती सेकंड इयरच्या वक्तृत्व स्पर्धेपासून. विषय होता ‘प्रगत तंत्रज्ञान आणि देशाचं व्हिजन’. मी डॉ. कलाम आणि राजन यांचं १९९८ सालचं ‘इंडिया २०२०’ आणलं. उपग्रह, संरक्षण, नवी मटेरियल्स यावर झकास मुद्दे काढले. शेती आणि आरोग्याची प्रकरणं मात्र बोअरिंग म्हणून गाळली. मग आजोबांसमोर प्रॅक्टिस. आजोबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यात आपल्या कोल्हापूरचं काहीच कसं नाही, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला आमच्या कळंबा तलावावर फिरायला घेऊन गेले.

हा तलाव शाहू महाराजांच्या हाती कारभार यायच्या आधीचा. इथलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने कोल्हापूर शहराला जायचं. सिव्हिलची विद्यार्थिनी असून मला हे माहीत नव्हतं. शाहू महाराज म्हणजे माझ्यासाठी दसरा चौकातला पुतळा, २६ जूनचा कार्यक्रम आणि फीच्या फॉर्मवरचं शिष्यवृत्तीचं नाव. बस्स.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. राजकोटला आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. म्हणजे एका अर्थाने तेही इंग्लिश मीडियमचेच! (हे वाचून मला उगाच बरं वाटलं.) २ एप्रिल १८९४ ला कारभार हातात आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला, त्यापाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकानं उघडणं वगैरे त्यांनी केलंच, पण पाण्याचा प्रश्न कायमचा सोडवायचा हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं असावं, असं मला वाटतं.

१९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. तिथे केंब्रिजने त्यांना मानद एलएल.डी. दिली. आणि तिकडे असतानाच, २६ जुलैला, कोल्हापुरात त्यांचा हुकूम निघाला की संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या. वरच्या जागा तोवर जवळजवळ सगळ्या एकाच समाजाकडे होत्या. कॅन्टीनमध्ये या विषयावर माझंही कडाक्याचं भांडण झालंय. समोर राधानगरी तालुक्यातली माझी वर्गमैत्रीण होती आणि मी ‘मेरिट, मेरिट’ करत होते. तेव्हा मला १९०२ हे सालसुद्धा माहीत नव्हतं.

गिरणीचं थोडक्यात सांगते. १९०६ साली त्यांनी सूतगिरणी काढली, तीच आपली शाहू मिल. आता ती बंद आहे. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ त्याआधीच, १८९५ मध्ये वसवली होती. कुस्तीचं खासबाग मैदान तर सगळ्यांना माहीत आहे.

पण खरा विषय धरणाचा. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला दाजीपूरकडे पाऊस इतका की छत्री टिकत नाही, आणि पूर्वेकडे गेलं की उन्हाळ्यात विहिरी कोरड्या. पडलेलं पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि तिथून कृष्णेत निघून जायचं. महाराजांनी ठरवलं की ते वरच अडवायचं. एवढ्याशा संस्थानाने स्वतःच्या खर्चाने एवढं मोठं धरण काढणं म्हणजे खेळ नव्हता. १९०८ साली तिथे नवं गाव वसवून लेकीच्या नावाने त्याला राधानगरी नाव दिलं. काम सुरू झालं, भिंत ४० फुटांपर्यंत आली आणि १९१८ च्या सुमारास पैशाअभावी थांबली. आजची उंची सुमारे ४२ मीटर आहे, यावरून किती काम राहिलं होतं ते बघा. महाराजांनी पुरं झालेलं धरण कधीच पाहिलं नाही. ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात पूर्ण झालं.

आम्ही मागच्या पावसाळ्यात साइट व्हिजिटला गेलो होतो. ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. मोटर नाही, बटण नाही. सगळा खेळ पाण्याचा दाब आणि वजनाच्या तोलाचा. पातळी ठराविक जागी पोचली की दरवाजा आपोआप उघडतो आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हे सगळं आम्हाला कोणी समजावलं? त्याच कॅन्टीनवाल्या मैत्रिणीने. लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे सरांच्याही आधी घडाघडा सांगत होती. व्हायवामध्ये इंग्लिशमुळे अडखळणारी हीच का ती, असं मला वाटलं. आणि लाजही वाटली.

आता आजोबांचा मुद्दा. धरण अडलं त्याच सुमारास महाराजांनी दुसरं काम मात्र रेटलं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा कायदा केला. पहिली शाळा १९१८ साली चिखलीला सुरू झाली. आई-बापाने पोराला शाळेत पाठवलं नाही तर महिन्याला १ रुपया दंड! त्या काळी रुपया म्हणजे केवढा. माझे पणजोबा तेव्हा सात वर्षांचे होते, गुरं राखायचे. त्यांच्या वडिलांना शिक्षणाचं काही कौतुक नव्हतं, भीती होती ती रुपयाची. म्हणून पणजोबा शाळेत गेले. चौथीपर्यंतच शिकले, पण त्यांनी आजोबांना मॅट्रिक केलं, आजोबा पाटबंधाऱ्यात चिकटले आणि बाबा डिप्लोमा झाले. आणि मी इथे सुपरकॉम्प्युटरवर भाषण करत होते.

महाराज ६ मे १९२२ ला मुंबईत गेले. वय फक्त ४७.

स्पर्धेत मी सगळं भाषण बदललं. उपग्रह काढून टाकले, धरण घातलं. दरवाजे समजावून सांगताना इतकी रंगले की वेळ संपल्याची बेल झाली. नंबर आला नाही. घरी आल्यावर आजोबांनी नंबराचं विचारलंच नाही. रुपयाचं सांगितलंस का, एवढंच विचारलं. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. म्हणून इथे लिहिलं.