प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि सूर्यशक्ती

गोमंतकाने महाराष्ट्राला दिलेल्या विद्वानांत दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कोकणी ही आमची मायबोली. तेव्हा आम्हांस त्यांचा थोडा अधिक अभिमान वाटला, तर वाचकांनी समजून घ्यावे. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर बालपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी संपादून परतले. पुढे काशी, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकविले. जुनी नाणी तराजूत तोलून त्यांनी इतिहास कसा उलगडला, ही कथा स्वतंत्र लेखाची आहे.

१९४५ साली ते डॉ. होमी भाभा ह्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहणे पुण्यास, जाणे-येणे 'डेक्कन क्वीन'ने! ती संस्था म्हणजे भारतीय अणुविज्ञानाचे माहेरघर. तेथील प्राध्यापकानेच अणुशक्तीविरुद्ध बोलावे, हे धाडस खरे. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी ते केले. अणुभट्टी खर्चिक, ऊन मात्र खेडोपाडी आपोआप पोहोचते. म्हणून गरीब देशाने सूर्यशक्तीचे संशोधन करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र हे काम वाटेल त्याने घरच्या घरी करण्याजोगे नाही, त्यास उत्तम विज्ञानच हवे, हेही त्यांनी बजावले.

उन्हाचे बळ आमच्या निपाणी भागास नवे नाही. येथील विडीची तंबाखू उन्हातच वाळते. पाणी तापविण्यास किंवा घर उबदार ठेवण्यास भट्टीची धग लागत नाही. काळ्या पत्र्यावर काच बसविली की आत शिरलेली उष्णता सहजी निसटत नाही, आणि पत्र्यास जोडलेल्या नळ्यांतील पाणी तापते. असे सौर बंब आज कित्येक छपरांवर दिसतात. नवल हे की, ह्याच तापलेल्या पाण्याने शीतयंत्र चालवून इमारत गारही करता येते. क्षाराच्या द्रावणाने शोषलेली वाफ उष्णतेने पुन्हा मोकळी करावयाची, हे त्याचे तत्त्व. आणि गारव्याची निकड असते नेमकी कडक उन्हातच.

१९६२ साली संस्थेने कोसंबींच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. अणुशक्तीविषयीच्या मतभेदाचा त्यात भाग होता, असे अनेकांस वाटते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले.