सुलूच्या समुद्रातला कारकून

शाळेच्या अॅटलासमध्ये ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक आणि न्यू गिनी यांच्यामधल्या अरुंद पाण्यावर ‘टोरेसची सामुद्रधुनी’ असे छापलेले असते. टोरेस हा स्पेनच्या चाकरीतला दर्यावर्दी १६०६ साली तिथून गेला खरा, पण हे नाव काही त्याने ठेवलेले नाही. स्पेनने ही वाट गुलदस्त्यात ठेवली आणि पुढची दीडशे वर्षे जग तिला जवळजवळ विसरून गेले. तिला उजेडात आणले आणि टोरेसचे नाव दिले ते अलेक्झांडर डॅलरिंपल या स्कॉटिश गृहस्थाने. तो आरमारातला अधिकारी नव्हता. मूळचा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासमधला कारकून!

१७३७ साली एडिंबरोजवळ एका बड्या घराण्यात त्याचा जन्म झाला. घरात मुले पुष्कळ, त्यामुळे धाकट्यांना पोटापाण्यासाठी बाहेर पडणे भागच होते. १७५२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत रुजू होऊन मद्रासकडे निघाला. अक्षर गचाळ, हिशेबात कच्चा. त्यामुळे आरंभी त्याची रवानगी कोठारात झाली. पण गव्हर्नर पिगॉट याची मर्जी बसली आणि पोरगा सचिवालयात आला. तिथल्या जुन्या दप्तरांनी त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. पूर्वेकडच्या बेटांशी कंपनीचा एके काळी चालणारा आणि पुढे बंद पडलेला व्यापार त्याला त्या कागदांत सापडला. सचिवपदाची वाट समोर दिसत असताना ती सोडून तो १७५९ साली ‘कडलोर’ नावाच्या लहानशा जहाजावर चढला. पिगॉटने आधी त्याची समजूत घालून पाहिली, मग परवानगी दिली.

फिलिपिन्स आणि बोर्निओ यांच्यामधल्या सुलू बेटांच्या रांगेत त्याचा खरा जीव रमला. मुसलमान सुलतानाचे हे राज्य. मनिलाच्या स्पॅनिशांशी त्याचे हाडवैर आणि चीनशी पूर्वापार व्यापार. डॅलरिंपलने १७६१ साली सुलतानाशी करार केला, पुढे बोर्निओच्या उत्तर टोकाजवळचे बालंबांगन बेट कंपनीसाठी मिळवले आणि १७६३ च्या जानेवारीत तिथे निशाण लावले. हिंदुस्थानातला माल इथे उतरवायचा, चिनी व्यापाऱ्यांनी तो इथूनच उचलायचा, म्हणजे कँटनच्या चिनी अंमलदारांची मिजास सहन करायला नको, असा त्याचा हिशेब होता. या सगळ्या धांदलीत नकाशे काढणे चालूच होते. खडक कुठे, तळ किती खोल, गोडे पाणी कुठे मिळते, हे तो स्वतः पाही आणि जे पाहता येत नसे ते सुलूच्या लोकांना विचारून घेई. त्याच्या नकाशात दिसणारी सुलूची बेटे अशी बरीचशी तिथल्याच माणसांच्या डोक्यात आधीपासून होती. नकाशावर नाव मात्र साहेबाचे पडले.

व्यापाराचे घोडे कुठे अडले? करारानंतर तो परत गेला तेव्हा देवीच्या साथीने सुलूतली कित्येक प्रमुख माणसे नेली होती आणि उरलेले लोक पांगले होते. पुढे १७७० साली कंपनीने बालंबांगनला वखार घालायचे ठरवले आणि त्यालाच प्रमुख नेमायचे योजले. पण अधिकार आणि मोबदला यांवरून त्याने संचालकांशी एवढे वाजवून घेतले, की त्यांनी त्यालाच काढून टाकले. दुसऱ्याच्या हाताखाली १७७३ साली वखार उभी राहिली आणि १७७५ साली सुलूच्याच एका दातूने ती लुटून बेचिराख केली.

हट्ट हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा शत्रू. १७६२ साली इंग्रजांनी मनिला जिंकले. तिथे हाती आलेल्या स्पॅनिश कागदांतून त्याला टोरेसच्या वाटेचा सुगावा लागला. दक्षिणेकडे एक अफाट, सुपीक खंड असलेच पाहिजे, ही समजूतही त्याच्या मनात पक्की झाली होती. १७६८ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी जहाज पाठवायचे ठरले तेव्हा रॉयल सोसायटीने त्याचे नाव सुचवले. जहाजाचा संपूर्ण ताबा मिळणार नसेल तर आपण जाणार नाही, असे त्याने कळवले. आरमार बिगर-आरमारी माणसाच्या हाती जहाज द्यायला तयार नव्हते. जहाज गेले जेम्स कुककडे. निघण्यापूर्वी डॅलरिंपलनेच आपले टोरेसविषयीचे पुस्तक जोसेफ बँक्सला दिले होते, आणि १७७० साली कुक त्या सामुद्रधुनीतून पार झाला. दुसऱ्या सफरीत कुकने डॅलरिंपलचे दक्षिण खंडही पार पुसून टाकले. स्वप्न ज्याचे, ते खोटे ठरवण्याचे श्रेय दुसऱ्याचे! मनात डाचत राहावे असेच हे.

तरी गडी थांबला नाही. १७७९ पासून कंपनीच्या, आणि १७९५ साली खाते निघाल्यावर आरमाराच्याही नकाशांचे काम त्याच्याकडे आले. हजारावर नकाशे त्याने तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून घेतले. मुंबईच्या आरमारातल्या जॉन मॅक्लूअरने आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, तिचे नकाशेही त्यानेच छापले. मुंबईहून चीनकडे जहाजे नेणारा जेम्स हॉर्सबर्ग हा त्याचा आणखी एक खबरी. १७८६ साली चुकीच्या नकाशापायी त्याचे जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटले होते. चांगल्या नकाशाची किंमत त्याला कोणी सांगायला नको होती.

आरमाराला मात्र नकाशे झटपट हवे होते. डॅलरिंपलला ज्याची खात्री नाही ते हातचे सोडायचे नसे. इकडे फ्रान्सशी युद्ध पेटलेले, जहाजे नकाशांवाचून खोळंबलेली. त्यामुळे आरमाराची तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. १८०७ साली आरमारी अधिकाऱ्यांची समिती त्याच्या डोक्यावर बसली. काही फ्रेंच नकाशांवरून खटका उडाला, राजीनामा मागितला गेला, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याने तो देण्याचे साफ नाकारले. २८ मे १८०८ रोजी त्याला बडतर्फ करण्यात आले. १९ जूनला, तीन आठवड्यांच्या आतबाहेर, तो वारला. कंपनीकडच्या त्याच्या जागेवर १८१० साली हॉर्सबर्ग आला.