अँटिऑक्सिडंटच्या डबीतलं जुनं ‘व्हिटॅमिन पी’ आणि त्यावर काम करणाऱ्या कमला सोहोनी

दोन मिनिटं रील्स बघितल्या तरी एखादी जाहिरात येतेच. द्राक्षाच्या बियांचा अर्क, ग्रीन टीची कॅप्सूल, काळी मिरी घातलेली हळदीची गोळी. सगळं नैसर्गिक, सगळं अँटिऑक्सिडंट आणि म्हणे साइड इफेक्ट शून्य. यातल्या बऱ्याच डब्यांच्या मागे बारीक अक्षरात रुटिन, हेस्पेरिडिन, क्वेर्सेटिन अशी नावं असतात.

८० वर्षांपूर्वी या कुटुंबाला एक वेगळं नाव होतं, व्हिटॅमिन पी. आणि त्यावर भारतात संशोधन करणाऱ्यांमध्ये एक मराठी बाई होत्या, डॉ. कमला सोहोनी.

सोहोनी म्हटलं की लोकांना एकच किस्सा आठवतो, सी. व्ही. रामन यांचा. तो थोडक्यात सांगून टाकू.

माहेरचं नाव कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांची सख्खी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या आयआयएस्सीतून शिकलेले. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या आणि त्याच संस्थेत अर्ज केला. गुण भरपूर होते, पण संचालक रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी थेट सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं, गरज पडली तर रात्री उशिरापर्यंत काम, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. नोबेल मिळवलेल्या माणसाने ही शेवटची अट घालावी, यावर काय बोलायचं? त्यांनी वर्षभर राबून दाखवलं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एमएस्सी झाल्या.

आता मुद्द्याची गोष्ट, ती केंब्रिजला सुरू होते.

तिथे जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स. व्हिटॅमिनच्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं होतं. त्यांनीच १९२१ मध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ वेगळा काढला होता. आज आपल्याला कळतं की ते शरीराने स्वतः बनवलेलं अँटिऑक्सिडंट आहे, पेशीपेशीत असतं, विकत आणावं लागत नाही.

कमलाबाईंनी तिथे बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हा घटक असतो हे दाखवलं. हे काय प्रकरण आहे? आपण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढताना पेशी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत नेतात, पंगतीत वाढप्यांची रांग पातेलं पुढे सरकवते तसं. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतला एक वाढपी. या रांगेत मध्येच थोडे इलेक्ट्रॉन सांडतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात. म्हणजे अँटिऑक्सिडंटवाले ज्याची भीती घालतात त्याचा उगम आपल्या रोजच्या श्वासातच आहे. या कामावर १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. प्रबंध केवळ ४० पानांचा होता!

भारतात परतल्यावर आधी दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. इथेच त्यांनी व्हिटॅमिन पी हाती घेतलं. १९३६ मध्ये हंगेरीच्या सेंट-जॉर्जी यांना लिंबू आणि लाल मिरचीच्या अर्कात असं काही सापडलं होतं की ज्याने बारीक रक्तवाहिन्यांतली गळती कमी होते असं वाटत होतं. पी म्हणजे पर्मिएबिलिटी, झिरपणं. जगभर लोक त्याच्या मागे लागले. पण ते व्हिटॅमिन आहे, म्हणजे नसलं तर माणूस आजारी पडतो, याचा ठोस पुरावा काही मिळाला नाही. १९५० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ते नाव सोडून दिलं. उरली ती फ्लॅवोनॉइड्स. पुढे अँटिऑक्सिडंटचं वारं आलं आणि तीच फ्लॅवोनॉइड्स नव्या नावाने बाजारात उतरली.

हे वारं कुठून आलं, तर किरणोत्साराच्या अभ्यासातून. किरण शरीरातल्या पाण्यावर पडले की फ्री रॅडिकल तयार होतात. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात याच तंत्राने हळदीतल्या करक्युमिनसारखे रेणू तपासले गेलेत. इलेक्ट्रॉनचा झटका द्यायचा, रॅडिकल तयार करायचे आणि सेकंदाच्या लाखाव्या भागात करक्युमिन त्यांना कसं शमवतं ते बघायचं. काम अस्सल आहे. पण तो निकाल काचेच्या नळीतला. पोटात गेलेलं करक्युमिन फारसं शोषलंच जात नाही, जे शोषलं जातं ते यकृत पटकन निकाली काढतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी काळी मिरीतलं पायपरिन सोबत दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण सुमारे २० पट वाढलं. गोळीत मिरी येते ती इथून. पण मिरी हे करते कसं? यकृताचं काम मंदावून. आणि मग तुमच्या इतर औषधांचंही प्रमाण रक्तात वाढू शकतं. अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदवले गेलेत. भाजीतली चिमूटभर हळद आणि ही गोळी, यांची तुलनाच होत नाही.

ग्रीन टीचंही तसंच. कप पिणं वेगळं, पण अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृतावर ताण दिसतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. सगळ्यात मोठा धक्का मात्र १९९४ चा. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजरातलं रंगद्रव्य, गोळीतून मिळालेल्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच चाचणी याच कारणाने मध्येच थांबवावी लागली. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या डबीला हातही लावू नये.

कमलाबाईंचं पुढचं काम बघितलं तर तिथे गोळी नाहीच. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न करून त्या मुंबईत आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनं भरपूर, पण ती पचू न देणारा ट्रिप्सिन इन्हिबिटरही त्याच दाण्यात असतो, यावर त्यांनी विद्यार्थ्यांसोबत संशोधन केलं. भिजवून, शिजवून तो बराच निकामी होतो. वाल कच्चे का खात नाहीत, हे आज्यांना माहीत होतंच, कारण मात्र प्रयोगशाळेत कळलं.

मग राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं. नीरा आणि ताडगुळात व्हिटॅमिन आणि लोह असल्याचं दाखवलं, आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात ते दिल्यावर फरक दिसला. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्याच संस्थेचं संचालकपद मिळायला मात्र त्यांना बरीच वर्षं थांबावं लागलं, आणि त्याचं कारणही ते जुनंच, बाई असणं.

निवृत्तीनंतर त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात उतरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहायच्या. आज अशा सप्लिमेंटला आपल्याकडे औषधाचा नाही, अन्नाचा परवाना मिळतो, आणि औषधी वापरासाठी नाही, असं डबीवर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. एकदा उलटून बघा, सापडेल.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.