न्यायमूर्ती रानडे आणि चहाचा कप

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. पुढे ते सरकारी न्यायाधीश झाले. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, १८८७ मध्ये सुरू झालेली सामाजिक परिषद, ही कामंही त्यांनी नेटानं केली. लोकांच्या खटल्यांचा निकाल देणाऱ्या या माणसावरच एकदा धर्माचा खटला उभा राहिला. तोही चहापायी!

आज आपण शेंदूरजनाघाटच्या स्टँडवर कोणाच्याही हातचा चहा पितो. तेव्हा ख्रिस्ती माणसाच्या घरचं पाणीही ब्राह्मणाला चालत नसे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये सभा झाली. रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी तशीच ठेवली. गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर बहिष्कार सोसा! बहिष्कार म्हणजे घरच्या कार्याला भटजी येणार नाही, पंगतीत पान मिळणार नाही.

अशी शिक्षा दुसऱ्या धर्मांतही आहे. कॅथलिक चर्चमध्ये भाविकांना पवित्र भाकर देतात, तिला कम्युनियन म्हणतात. इ. स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसच्या हुकमावरून थेसलोनिका शहरात कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला ही भाकर नाकारली. सम्राटाला सर्वांसमोर पश्चात्ताप करावा लागला. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातही, उघड आणि गंभीर पाप न सोडणाऱ्याला कम्युनियन देऊ नये, असं ९१५ वं कलम आहे. ते राजकीय पुढाऱ्यांना लावायचं का, यावर अमेरिकेत आजही वाद होतात.

पण फरक बघा. तिकडे माणसं मेली होती. इकडे चहानं कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

रानड्यांना त्यात पाप वाटत नव्हतं. तरीही अडचणीत सापडलेल्या मित्राखातर त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी नाराज झाली. रानड्यांनी बोल सोसले, पण सुधारणेचं काम सोडलं नाही. १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

आता तुम्ही निकाल द्या. मित्रासाठी वाकणं हा मोठेपणा की माघार? उत्तर कारणासह वहीत लिहा.